नाताळची सोपी गाणी आणि डाव्या हाताचा प्रश्न

डिसेंबर लागला की सोलापुरातल्या कीबोर्डच्या क्लासमधून ठरावीक गाणी ऐकू येतात. 'जिंगल बेल्स', 'सायलेंट नाइट', फार तर 'जॉय टू द वर्ल्ड'. मूल ख्रिस्ती असो नसो, शाळेच्या कार्यक्रमाला यातलं एखादं लागतंच. उजव्या हाताला चाल चटकन सापडते. गाडी अडते ती डाव्या हातापाशी, आणि शिकवणारेही बहुतेक वेळा 'सराव कर' म्हणून मोकळे होतात. मग यातलं कुठलं गाणं आधी घ्यायचं? मुळात यातली बहुतेक गाणी पियानोसाठी झालेलीच नाहीत, आणि आपल्याकडे ती पोचली तीही पियानोच्या वाटेने नाही.

कॅरल म्हणजे चारचौघांनी मिळून म्हणायचं गाणं. गळ्याला झेपेल एवढीच त्याची उडी, आणि एकदा ऐकून पाठ होईल एवढीच त्याची गुंतागुंत. 'गुड किंग वेन्सस्लस'ची चाल 1582 साली छापलेल्या 'पिए कान्तिओनेस' या लॅटिन गीतसंग्रहात आहे, आणि तिथे ते वसंत ऋतूचं गाणं आहे. इंग्लंडच्या जॉन मेसन नील यांनी 1853 मध्ये त्यावर नाताळचे शब्द बसवले.

'सायलेंट नाइट'चा जन्म 24 डिसेंबर 1818 चा, ऑस्ट्रियात साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडोर्फ गावातला. शब्द पाद्री योसेफ मोर यांचे, चाल शाळामास्तर आणि ऑर्गनवादक फ्रान्झ क्सावर ग्रुबर यांची, साथीला गिटार. चर्चच्या ऑर्गनचा भाता उंदरांनी कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. गोष्ट गोड आहे, पण मागाहून जोडलेली. खुद्द ग्रुबर यांनी 1854 मध्ये या गाण्याची हकीकत लिहून ठेवली, तिच्यात उंदीर नाहीत.

ही गाणी घरोघरच्या पियानोवर आली ती एकोणिसाव्या शतकात. क्रिस्तोफोरी यांनी इटलीत पियानो घडवला 1700 च्या सुमारास, पण भिंतीला टेकून उभा राहणारा, मध्यमवर्गाला परवडणारा पियानो पुढच्या शतकातला. त्याच्याबरोबर छापील नोटेशनचा धंदा वाढला. ब्रॅम्ली आणि स्टेनर यांचा 1871 चा कॅरलसंग्रह इंग्लंडभर पसरला. त्यात गाणी चार आवाजांसाठी, म्हणजे चार गटांनी एकाच वेळी वेगवेगळ्या सुरांत गाण्यासाठी, लिहिलेली होती. तेच पान पियानोवर ठेवलं की प्रत्येक हाताला दोन-दोन स्वर येतात. आजच्या 'सोप्या' आवृत्त्या म्हणजे याच चार आवाजांतले दोन-तीन गाळून उरलेला सांगाडा.

यातला एक मोठा धागा बोस्टनला जातो, आणि तिथून थेट सोलापूरला. आयझॅक वॉट्स यांच्या 1719 च्या शब्दांना 'जॉय टू द वर्ल्ड'ची आजची चाल देऊन 1830 च्या दशकात ती छापणारे लोवेल मेसन बोस्टनचे. तिथल्या सरकारी शाळांत संगीत हा विषय 1838 मध्ये सुरू झाला तो त्यांच्याच खटपटीने. 'जिंगल बेल्स' 1857 मध्ये छापलं गेलं तेही बोस्टनलाच. जेम्स पियरपॉन्टच्या त्या गाण्यात नाताळचं नावही नाही, आहे ती घोड्याच्या घसरगाडीची मजा. ध्रुवपदाची त्याची मूळ चाल वेगळी होती, आजची सुटसुटीत चाल नंतर रुळली. आणि सोलापुरात ज्या अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काम उभारलं, त्याची मातृसंस्थाही बोस्टनचीच. हे मिशन 1813 पासून मुंबईत होतं. 1860 च्या सुमारास रेल्वे सोलापूरला आली आणि मुंबईहून इथे पोचणं सोपं झालं.

या मिशनच्या उपासनेत मंडळीने मिळून गाण्याला मोठा मान. पण पियानो कुठून आणणार? जड, महाग, आणि चाळिशी ओलांडणाऱ्या सोलापुरी उन्हाळ्यात लाकूड आकसून सूर उतरणारा. मिशनऱ्यांनी हिंदुस्थानात आणली ती पायपेटी. पॅरिसच्या दबँ यांनी 1842 मध्ये पेटंट घेतलेली हार्मोनियम हीच. भाता पायाने, म्हणून दोन्ही हात मोकळे, आणि चार आवाजांचं पान जसंच्या तसं वाजवता येई. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी बैठकीत मांडी घालून वाजवता येईल अशी हातपेटी बनवली. ती देशभर गेली, भजनात गेली, नाटकात गेली. तिच्यात डावा हात भात्याला जुंपला गेला.

आपल्या गाण्यात त्याने काही अडलं नाही, कारण आपल्याला चाल हवी, स्वरांचे थर नकोत. नारायण वामन टिळकांनी (1861–1919) ख्रिस्ती मंडळींना अभंगाच्या आणि कीर्तनाच्या वळणाची गाणी दिली. ती पेटी आणि टाळावर छान चालतात. बोस्टनच्या चालींनाही तीच पेटी साथ करू लागली. नाताळला घरोघर फिरणाऱ्या कॅरलच्या टोळीत गळ्यात अडकवलेली पेटी असते, ढोलकी असते. खाली चार आवाजांचा हिशेब कुणी करत नाही, आणि करूही नये.

मग कॅसिओ आला. कंपनीचा पहिला कीबोर्ड 1980 चा. त्यानंतरच्या मॉडेलांत ऑटो-कॉर्ड आलं: डाव्या हाताने एक पट्टी दाबा, आख्खा कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-चार स्वर) आणि ताल यंत्र वाजवेल. भात्यातून सुटलेला डावा हात पुन्हा एका बोटावर आला. माझं मत विचाराल तर शिकताना हे बटण बंदच ठेवावं. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतल्या खेळण्यातला कीबोर्ड असला तरी चालेल, पण डाव्या हाताला काम हवं.

म्हणून कुठलं गाणं आधी घ्यायचं याचं उत्तर या इतिहासातच आहे. 'जिंगल बेल्स'चं आजचं ध्रुवपद (ग ग ग, ग ग ग, ग प सा रे ग) सा ते प या पाच पट्ट्यांबाहेर जात नाही. बायरसारख्या एकोणिसाव्या शतकातल्या पियानो-शिक्षकांनी सुरुवातीचे धडे याच पाच बोटांवर बांधले होते. कडवं मात्र सुरुवातीलाच खालच्या प वरून ग वर झेप घेतं, ते सध्या सोडा. 'जॉय टू द वर्ल्ड'ची पहिली ओळ म्हणजे वरच्या सा पासून खालच्या सा पर्यंत उतरलेला बिलावल. ऐकायला सोपी, पण आठ पट्ट्यांना पाच बोटं पुरवायची म्हणजे मध्येच बोट ओलांडून घ्यावं लागतं.

'सायलेंट नाइट'चा आवाका यांच्याहून मोठा, सप्तक ओलांडणारा. तरी पेटीवाल्या घरातल्या मुलाला मी आधी हेच देईन. लय संथ आहे, आणि सहा मात्रांमुळे दादऱ्याची सवय असलेल्या कानाला ते परकं वाटत नाही. डावीकडे तीनच कॉर्ड पुरतात. पांढऱ्या पट्ट्यांवर, सी मध्ये (सी म्हणजे सा, एफ म्हणजे म, जी म्हणजे प) वाजवलं तर पहिली दोन आवर्तनं सी, तिसरं जी, चौथं पुन्हा सी. मग एफ, सी, एफ, सी. पुढे जी, सी, नंतर एका आवर्तनात अर्धं सी अर्धं जी, आणि शेवट सी वर. पहिला आठवडा कॉर्डही नको. डाव्या करंगळीने त्या त्या कॉर्डचा खालचा एकच स्वर धरायचा, आणि चाल तोंडाने म्हणायची.