जर्दाळूचा केशरी रंग आणि दम्याची धाप

नुसता उन्हात वाळवलेला जर्दाळू तपकिरी, काळपट दिसतो. जो झगझगीत केशरी दिसतो, त्याला बहुधा सल्फर डायऑक्साइडची धुरी दिलेली असते. हा वायू रंग टिकवतो, बुरशीलाही आवर घालतो. तो आणि त्याच्या जातकुळीतले क्षार मिळून झाली सल्फाइटं. वाइन, सुकवलेली फळं, बाटलीतला लिंबाचा रस, सोललेले बटाटे, कोळंबी अशा अनेक पदार्थांत ती वापरली जातात.

बहुतेकांना त्यांचा काही त्रास होत नाही. किंबहुना गंधकयुक्त अमिनो आम्लांचं विघटन होताना आपलं शरीर स्वतःच रोज सल्फाइट तयार करतं आणि सल्फाइट ऑक्सिडेज हे विकर लगेच त्याचं निरुपद्रवी सल्फेट करून टाकतं. त्रास होतो तो मुख्यतः दमेकऱ्यांना, तोही सगळ्यांना नाही. साधारण शंभरात ३ ते १० जणांना. जठरातल्या आम्लामुळे सल्फाइटमधून वायू सुटतो, श्वासावाटे आत जातो आणि आधीच हळव्या असलेल्या श्वासनलिका आकसतात, असं त्याचं एक स्पष्टीकरण आहे. काही मिनिटांत छाती आवळते, धाप लागते. यात प्रतिपिंडांचा हात क्वचितच असतो, त्यामुळे त्वचेवरची अ‍ॅलर्जी चाचणी सहसा काही सांगत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडं थोडं सल्फाइट देऊन पाहणं, हीच खात्रीची चाचणी. घरी हा प्रयोग अजिबात नको.

सॅलडच्या भाज्या टवटवीत दिसाव्यात म्हणून अमेरिकेत त्यांच्यावर सल्फाइट फवारत. काही दमेकरी दगावल्यावर १९८६ साली कच्च्या खायच्या फळांवर आणि भाज्यांवर त्याला बंदी आली. आता अनेक देशांत किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट असेल तर वेष्टनावर तसं लिहावं लागतं. नाव नसलं तर घटकांच्या यादीत २२० ते २२८ हे सल्फाइटांचे क्रमांक शोधावेत. पदार्थ धुऊन सल्फाइट पुरतं जात नाही.

‘सल्फ’ दिसलं की घाबरणारेही भेटतात. सल्फेट वेगळं, सल्फा औषधं वेगळी. सल्फाइट सोसत नाही म्हणून ती सोडायचं कारण नाही. अ‍ॅड्रेनलिनच्या बऱ्याच इंजेक्शनांत मात्र खरोखरच थोडं सल्फाइट असतं. तरीही जिवावर बेतलेल्या अ‍ॅलर्जीत ते इंजेक्शन घ्यायलाच हवं, त्यातल्या सल्फाइटसाठी ते टाळायचं नाही.