कोहात देवघेवीचे नियम बसवताना: ठराव, कागदपत्रं आणि रकाने

ग्रंथालयातल्या दंडावरून तक्रार प्राचार्यांपर्यंत गेली की संगणकातला आकडा कोणी विचारत नाही, ठराव मागतात. म्हणून कोहा, म्हणजे ग्रंथालयाचं कामकाज चालवणारी संगणक प्रणाली, उघडण्याआधी नियम ग्रंथालय समितीपुढे ठेवावेत. कोणाला किती पुस्तकं, किती दिवस, मुदतवाढ किती वेळा, दंड किती, पुस्तक हरवलं तर काय, हे सगळं इतिवृत्तात यायला हवं.

सभासद कोण, हेही त्यातच ठरतं. विद्यार्थी, शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचारी तर आहेतच. माजी विद्यार्थी आणि बाहेरचे वाचक घ्यायचे असतील, तर सहसा अनामत रक्कम घेतात. विद्यार्थ्याकडून चालू वर्षाची प्रवेश पावती, ओळखपत्र आणि फोटो घ्यावा. कर्मचाऱ्याकडून नेमणुकीचा आदेश. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांचा आदेश मुदतीचा असतो, तेव्हा सभासदत्वाची शेवटची तारीखही त्यावरचीच टाकावी. नाहीतर माणूस दुसऱ्या गावी रुजू होतो आणि पुस्तकं त्याच्या नावावर राहतात.

आता कोहा. न्यूझीलंडमध्ये जन्मलेली आणि २००० पासून वापरात असलेली ही मुक्त प्रणाली प्रत्येक नियम तीन गोष्टींवर ठरवते: ग्रंथालय कोणतं, सभासदाचा वर्ग कोणता, साहित्याचा प्रकार कोणता. एफवाय, एसवाय, टीवाय यांना नियम एकच असतील, तर वर्ग तीन करू नका. इयत्ता नोंदवायला वेगळा रकाना मिळतो. वर्ग वाढले की तक्ता वाढतो, आणि पुढच्या वर्षी त्यातली एखादी ओळ बदलायची राहून जातेच.

खरी गफलत होते ती अग्रक्रमात. कोहा आधी ग्रंथालय पाहते, मग वर्ग, मग साहित्य. समजा ‘सर्व ग्रंथालये’ खाली शिक्षक आणि क्रमिक पुस्तकं यांचे बारीक नियम भरले आणि आपल्या ग्रंथालयाच्या नावाखाली ‘सर्व वर्ग, सर्व साहित्य’ अशी एकच ओळ टाकली. चालते ती ही एकच ओळ. वरची मेहनत पाण्यात. त्यामुळे एक पद्धत धरून तीच पाळावी. मात्र ‘सर्व, सर्व, सर्व’ ही ओळ भरलेली असावीच. कुठल्याच नियमात न बसणारी देवघेव तिच्यावर येऊन थांबते. आणि पुस्तकांच्या संख्येचा रकाना रिकामा सोडू नका, कारण रिकामा म्हणजे शून्य नव्हे, अमर्याद.

दंडात सवलतीचे दिवस, म्हणजे मुदत संपल्यावर दंड न लावता सोडलेले दिवस, जपून भरावेत. सवलत ३ दिवस, दंड रोज १ रुपया आणि पुस्तक चार दिवस उशिरा आलं, तर दंड ४ रुपये की १? सवलतीचे दिवस दंडात धरायचे की नाही, याची सेटिंग वेगळी आहे. समितीचा ठराव पाहूनच ती लावावी. दिवाळीच्या सुट्ट्या दिनदर्शिकेत भरल्या, तरी परतीची तारीख पुढे ढकलणं आणि सुट्टीचा दंड वगळणं या दोन निरनिराळ्या सेटिंग आहेत. एक लावून दुसरी राहिली, की सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी काउंटरवर वाद.

थकबाकी किती झाली की देवघेव अडवायची, ही मर्यादाही तपासा. कोहात ती मुळात ५ असते. बाहेरच्या चलनात ठीक, पण आपल्याकडे ६ रुपये थकले म्हणून ऐन परीक्षेत विद्यार्थ्याला पुस्तक नाकारलं जातं.

संदर्भग्रंथ, जुने बांधीव अंक यांना ‘बाहेर देऊ नये’ अशी खूण करावी. मग प्रत्येक वर्गातला एकेक चाचणी सभासद तयार करून पुस्तक द्या, परतीची तारीख ठरावाशी ताडून पाहा आणि मगच काउंटर सुरू करा.