शब्दाचा तुकडा पाडायचा म्हणजे नेमकं काय मोजायचं?

1 मे 1964 रोजी पहाटे डार्टमथ कॉलेजात बेसिक भाषेतला पहिला प्रोग्राम चालला. जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांनी ती भाषा तयार केली होती. तिला आकडेमोड उत्तम जमत होती, पण मजकुराच्या बाबतीत ती जवळपास मुकीच होती. अवतरणचिन्हांत लिहिलेलं वाक्य ती छापून दाखवायची, एवढंच. मजकूर साठवणारे डॉलरचिन्हाचे व्हेरिएबल काही वर्षांनी आले. त्यामुळे आपल्याच जन्मतारखेतून साल वेगळं काढणं पहिल्या बेसिकला शक्य नव्हतं.

पुढच्या बेसिकसाठी मात्र तो डाव्या हातचा मळ ठरला. ता$ या व्हेरिएबलमध्ये "1964-05-01" असा मजकूर आहे असं समजू. लेफ्ट$(ता$, 4) लिहिलं की "1964" मिळतं आणि राइट$(ता$, 2) लिहिलं की "01". मधला महिना हवा असेल तर मिड$(ता$, 6, 2), म्हणजे सहाव्या जागेपासून दोन अक्षरं. (प्रत्यक्षात ही नावं रोमन लिपीत टाइप करतात.) हाती येतो तो "05" हा मजकूर, पाच हा आकडा नव्हे. त्याच्यावर बेरीज-वजाबाकी करायची तर आधी व्हॅल वापरून त्याचा आकडा करून घ्यावा लागतो.

मिड$ मधली पहिली संख्या जागा सांगते आणि दुसरी लांबी. नवशिक्यांचा सगळा घोळ इथेच होतो, आणि त्यात त्यांचा फारसा दोष नाही. कारण बेसिकच्या सगळ्या बोलींचं या बाबतीत एकमत कधीच नव्हतं. लेफ्ट$, राइट$, मिड$ हे त्रिकूट घराघरांतल्या कॉम्प्युटरवर पोचलं ते मुख्यतः मायक्रोसॉफ्टच्या बेसिकमुळे, 1975 च्या अल्टेअर या मायक्रोकॉम्प्युटरपासून. अटारीच्या बेसिकमध्ये आणि ॲपलच्या इंटिजर बेसिकमध्ये मात्र हाच महिना ता$(6, 7) असा काढायचा, सहाव्या जागेपासून सातव्या जागेपर्यंत. सिंक्लेअरच्या स्पेक्ट्रमवर त्याच कंसात स्वल्पविरामाच्या जागी 'टू' हा शब्द यायचा. मला विचाराल तर तिघांत वाचायला सर्वांत सोपी पद्धत तीच. खरी फसगत पुढे आहे. अटारीवर ता$(5) म्हणजे पाचव्या अक्षरापासून शेवटपर्यंतचा मजकूर, तर मायक्रोसॉफ्टच्या बेसिकमध्ये तेच ता$(5) म्हणजे ॲरेमधली, म्हणजे क्रमांक दिलेल्या यादीतली, एक अख्खी स्ट्रिंग (मजकुराचा साठवलेला तुकडा). एका मशीनसाठी छापलेला प्रोग्राम दुसऱ्यावर जसाच्या तसा टाइप केला तर काय व्हायचं ते सांगायला नको.

आतापर्यंत कुठल्या जागी काय आहे ते आपल्याला आधीच ठाऊक होतं. पण तारीख "1-5-1964" अशी आली तर? आता मोजून चालणार नाही, शोधावं लागेल. त्यासाठी इनस्ट्र. इनस्ट्र(ता$, "-") दोन हे उत्तर देतं, म्हणजे पहिली आडवी रेघ दुसऱ्या जागी आहे. दिवस तिच्या आधी, म्हणून लेफ्ट$(ता$, 2-1). दुसरी रेघ शोधताना तिसऱ्या जागेपासून सुरुवात करायची, इनस्ट्र(3, ता$, "-"), आणि उत्तर येतं चार. महिन्याची लांबी चार वजा दोन वजा एक, म्हणजे एक. दुसऱ्यांदा शोधताना तीनऐवजी दोनच लिहिलं, तर तीच रेघ पुन्हा सापडते, लांबी येते उणे एक आणि मायक्रोसॉफ्टचं जीडब्ल्यू-बेसिक 'इल्लीगल फंक्शन कॉल' म्हणून प्रोग्राम थांबवतं. मजकुरात रेघच नसेल तर इनस्ट्र शून्य देतं, आणि त्यातून एक वजा करून लेफ्ट$ ला दिलं की पुन्हा हीच गत. म्हणून आधी शून्य तपासायचं आणि मगच तुकडा पाडायचा. कमोडोर 64 च्या बेसिकमध्ये तर इनस्ट्र नव्हतंच. तिथे लूप लावून मिड$ ने एकेक अक्षर तपासत जावं लागायचं.

या एकेका अक्षराची किंमत मोजावी लागे ती मेमरीत. आपण 'तुकडा पाडला' म्हणतो, पण मूळ स्ट्रिंगला धक्काही लागत नाही. तुकड्याची नवी नक्कल मेमरीत वेगळ्या जागी तयार होते. व्हेरिएबलपाशी फक्त तीन बाइटची नोंद असते, एका बाइटमध्ये लांबी आणि दोन बाइटमध्ये पत्ता. लांबीला एकच बाइट आणि त्यात 255 पर्यंतचीच संख्या मावते, म्हणून त्या काळच्या मायक्रोसॉफ्ट बेसिकमध्ये स्ट्रिंग 255 अक्षरांपेक्षा मोठी होत नसे. नवी नक्कल आली की जुनी तशीच पडून राहायची. मेमरी भरत आली की साफसफाई सुरू व्हायची, आणि कमोडोरवरची तिची रीत फार महागात पडणारी होती. सगळे व्हेरिएबल चाळून मेमरीत सर्वांत वरची कामाची स्ट्रिंग शोधायची, ती सरकवायची आणि पुढच्या स्ट्रिंगसाठी पुन्हा सगळे पहिल्यापासून चाळायचे. स्ट्रिंगची संख्या दुप्पट झाली की वेळ साधारण चौपट. स्ट्रिंग खूप असल्या की मशीन बराच वेळ ढिम्म, आणि समोर बसलेल्याला वाटायचं की ते बंदच पडलं.

त्या मशीनवर एक अक्षर म्हणजे एक बाइट हे गणित पक्कं होतं. देवनागरीत ते कोलमडतं. आजच्या व्हिज्युअल बेसिकला 'विज्ञान' हा शब्द द्या. आपण वि, ज्ञा, न अशी तीन अक्षरं मोजतो. लांबी मोजणारं लेन मात्र सात सांगतं, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकात, व, वेलांटी, ज, हलन्त, ञ, काना आणि न यांची वेगवेगळी नोंद आहे. लेफ्ट ने पहिली तीन मागितली तर हाती 'विज' येतं. राइट ने शेवटची दोन मागितली तर आधाराला व्यंजन नसलेला काना आणि त्यापुढे न.

याला उपाय आहे. आजचं व्हिज्युअल बेसिक ज्यावर चालतं त्या डॉटनेटमधला स्ट्रिंगइन्फो हा क्लास (तयार फंक्शनांचा संच) वाचणाऱ्याला दिसणाऱ्या अक्षरांच्या हिशेबाने तुकडे पाडतो. पण 'दिसणारं अक्षर' कुठे संपतं हे ठरवणारा युनिकोडचा मूळ नियमसुद्धा बरीच वर्षं हलन्तानंतर तोडत होता, म्हणजे 'ज्ञा' चे 'ज्' आणि 'ञा' असे दोन तुकडे. देवनागरी जोडाक्षर अखंड ठेवणारा नियम त्यात आला तो 2023 साली, युनिकोड 15.1 मध्ये.