ऐंशी किलोंची ओढ

वांद्र्यातल्या त्या जुन्या घरात पलंगाखालून बेस गिटारची पेटी बाहेर आली. मी झाकण उघडलं, बेस उचलला, त्याचं बूड गालाशी धरलं आणि एक डोळा मिटून नेकवरून, म्हणजे तारांखालच्या लांब मानेवरून, थेट खुंट्यांपर्यंत नजर टाकली. बंदुकीचा नेम धरावा तशी. विकणारे अंकल सत्तरीच्या पुढचे. आयुष्यभर हॉटेलांच्या बँडमध्ये वाजवलेले. ते म्हणाले, "बघ बाबा, नीट बघून घे. घाई नाही."

वीस वर्षांपूर्वी मी असं पाहिलं नव्हतं. तेव्हा एका बेसचा रंग बघून भुललो होतो. कडेला काळपट, मध्ये मधासारखा पिवळा. घरी आणल्यावर कळलं की नेकला पीळ पडलाय. जाड तारेच्या बाजूला ती पुढे वाकलेली, बारीक तारेच्या बाजूला मागे. त्या वाद्यातून एकही स्वर स्वच्छ निघाला नाही आणि तो पीळ कुणालाच काढता आला नाही. तेव्हापासून मी जुन्या बेसमध्ये सर्वात आधी आणि सर्वात जास्त वेळ नेक पाहतो. बाकी जवळजवळ सगळं बदलता येतं.

यामागचं कारण साधं आहे. चार तारांच्या बेसमध्ये सगळ्यात जाड तार 'ई' स्वराची, सेकंदाला ४१.२ कंपनांची. तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, वजन आणि ताण. उभ्या डबल बेसवर तारेला मीटरभराहून जास्त लांबी मिळते. इथे नटपासून (खुंट्यांकडे तारा टेकतात ती पट्टी) ब्रिजपर्यंत (अंगावर तारा टेकतात तो भाग) ३४ इंच, म्हणजे ८६.४ सेंटिमीटरच. एवढ्या आखूड तारेला इतकं खाली उतरवायचं तर ती जड हवी, म्हणून पोलादी गाभ्यावर दुसरी तार गुंडाळून तिचं वजन मीटरला ३५ ग्रॅमच्या आसपास नेतात. मग ती ४१.२ वर आणायला साधारण १८ किलोंचा ताण द्यावा लागतो. चारी तारा मिळून हा आकडा ऐंशी किलोंच्या घरात जातो. मध्यम बांध्याचा एक माणूस त्या नेकला दिवसरात्र लोंबकळतोय असं समजा. अंकलचा बेस सत्तरच्या दशकातला होता. पन्नास वर्षं त्या माणसानं हात सोडलेला नाही.

लाकूड अशा ओझ्याखाली हळूहळू बदलतं. पुस्तकांनी गच्च भरलेल्या फळीला मध्ये झोळ पडतो, आणि पुस्तकं काढली तरी फळी पूर्ण सरळ होत नाही. शास्त्रज्ञ याला क्रीप म्हणतात. लाकडातले तंतू आणि त्यांना धरून ठेवणारा लिग्निन सततच्या ओढीनं कणाकणानं सरकतात. नेकचंही तेच होतं. धनुष्यासारखी ती तारांच्या बाजूला वाकत जाते.

याच्यावरचा उपाय नेकच्या पोटात दडलेला असतो. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांना १९२३ साली ट्रस रॉडचं पेटंट मिळालं. नेकमध्ये एका वाकड्या खाचेत पोलादी सळई बसवतात आणि तिच्या टोकाला नट असतो (हा आट्यांचा नट, तारा ज्यावर टेकतात तो वेगळा). नट आवळला की वाकडी सळई सरळ व्हायला बघते आणि मधोमध नेकला तारांच्या दिशेनं रेटते. तारा टोकं पुढे ओढतात, सळई मध्य पुढे ढकलते, आणि दोघांच्या रस्सीखेचीत नेक जवळजवळ सरळ राहते.

जवळजवळ, कारण तिला पूर्ण सरळ करायचंच नसतं. तार छेडली की ती मधोमध सगळ्यात जास्त फाकते, टोकांना कमी. म्हणून नेकलाही अगदी थोडा खळगा ठेवतात, म्हणजे तारेला हलायला जागा मिळते. हा खळगा मोजायला महागडं काही लागत नाही. ताणलेली तार हीच घरातली सगळ्यात सरळ पट्टी. नेकवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्या फ्रेट. पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी तार दाबायची आणि आठव्या फ्रेटपाशी तिच्याखाली किती फट उरते ते बघायचं. मोटारसायकलचा मेकॅनिक स्पार्क प्लगसाठी वापरतो ते फिलर गेज इथे चालतं. ०.३५ मिलिमीटरचं पातं अलगद सरकलं तर उत्तम. अंकलच्या बेसवर ०.९ चं पातंसुद्धा सहज जात होतं.

ऐकायला हे वाईट वाटेल, पण खरा प्रश्न पुढचा होता. सळईत अजून जीव आहे का? अंकलचा बेस फेंडर कंपनीचा, 'प्रिसिजन' नावाचा. त्या काळच्या प्रिसिजन बेसवर हा नट नेकच्या बुडाशी, लाकडी अंगात लपलेला असतो. तो बघायला नेक उतरवावी लागते. मी अंकलना विचारलं. ते क्षणभर गप्प राहिले, मग आतून स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. तारा ढिल्या केल्या, मागचे चार स्क्रू काढले आणि नेक हातात आली. बुडाच्या लाकडावर कारखान्याच्या शिक्क्याची पुसट शाई होती. खालीच पितळी रंगाचा नट, त्याच्या डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच. खाचेच्या कडा धारदार होत्या, म्हणजे कुणी तिथे चुकीचं हत्यार घालून झटापट केलेली नव्हती. आधी नट अर्धा फेरा सैल केला. जुन्या नटशी कधीही सैल करूनच सुरुवात करावी, कारण गंजलेली आटी तशीच आवळली तर सळई तुटते, आणि तुटलेल्या सळईचा खर्च बेसच्या किमतीलाच हात घालतो. मग तेलाचा एक थेंब सोडला आणि पाव-पाव फेरा आवळत गेलो. तिसऱ्या पावावर हाताला मऊ, एकसारखा विरोध जाणवला. आटी शिल्लक होती. मी तिथेच मनाशी बेस घेतला.

हे वाद्य मुळात आलं कुठून, तेही थोडक्यात सांगतो. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसानं १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला. विजेवर चालणारा बेस त्याआधीही झाला होता. सिएटलचे पॉल टुटमार्क यांनी तीसच्या दशकातच तो बनवला होता, पण रुजला तो फेंडरचा. नावातलं 'प्रिसिजन' फ्रेटमुळे आलं. डबल बेसवर बोट अंदाजानं ठेवावं लागतं, इथे धातूची पट्टी स्वराची जागा नेमून देते. पुढे १९६५च्या जानेवारीत कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली गेली, आणि त्याआधीच्या वाद्यांना आज वेगळीच किंमत येते. माझं मत विचाराल तर विकत घेणाऱ्यानं या तारखेवर फार जीव टाकू नये. लाकूड आणि कारागिराचा हात वाद्यागणिक बदलतो. १९७० नंतरचे उत्तम बेस मी वाजवले आहेत आणि १९६५ आधीचे रडकेही.

वय तपासायचं असेल तर पुढची प्लास्टिकची पाटी उघडून आवाज कमीजास्त करायच्या बटणांच्या पाठी बघावं. अंकलच्या बेसमध्ये तिथे १३७७४१८ असा आकडा होता. पहिले तीन अंक बनवणाऱ्याचे, १३७ म्हणजे सीटीएस (३०४ असते तर स्टॅकपोल). पुढचे ७४ म्हणजे १९७४ साल आणि शेवटचे १८ म्हणजे अठरावा आठवडा. यावरून एवढंच कळतं की बेस त्याच्या आधीचा नाही. सुटा भाग कपाटात वर्षभर पडून राहिलेला असू शकतो, किंवा मागाहून बदललेला. म्हणून डाखाचे सांधेही बघायचे. मूळ डाख मळकट, शांत दिसतो, नवा चकचकतो.

पिकअप म्हणजे तारेच्या कंपनातून वीज काढणारा भाग. तो तपासायला मल्टिमीटर बरोबर न्यावा. चुंबकाभोवती ०.०६ मिलिमीटर जाडीच्या, म्हणजे केसाएवढ्या, तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. चुंबक पोलादी तारेलाही चुंबकत्व देतो, तार हलली की वेढ्यांतून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वीज निर्माण होते. फॅरडेनं १८३१ मध्ये दाखवून दिलेला हाच नियम सायकलच्या डायनॅमोत असतो. १९५७ पासून प्रिसिजनचा पिकअप दोन तुकड्यांचा झाला. एका तुकड्याचे चुंबक आणि वेढे दुसऱ्याच्या उलट. त्यामुळे तारेचे संकेत एकमेकांत मिळतात, आणि घरातल्या विजेची गुणगुण दोन्हींत उलटसुलट येऊन आपोआप खोडली जाते. आपल्याकडे ती ५० हर्ट्झची, बेसच्या खालच्या स्वरांच्या बरोबर मधली, म्हणून हे आपल्याला फार मोलाचं. जुन्या फेंडर पिकअपमध्ये वेढे थेट चुंबकांवरच घेतलेले असतात. समुद्राकाठच्या दमट हवेत चुंबक गंजतो आणि गंज त्या बारीक तारेला खातो. तपासणी सोपी आहे. बेसला केबल लावायची, आवाजाचं बटण पूर्ण उघडायचं आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला मीटर लावायचा. १० किलोओहमच्या आसपास आकडा आला तर दोन्ही तुकडे जिवंत. २५० च्या जवळ आला तर मीटर फक्त बटणाचा रोध दाखवतोय, वेढा कुठेतरी तुटलाय. अंकलच्या बेसनं १०.३ दाखवले.

घरी आणल्यावर नट आणखी थोडा आवळला आणि रात्रभर सोडून दिला. लाकूड लगेच हुकूम ऐकत नाही, सकाळी पुन्हा मोजावं लागतं. तिसऱ्या दिवशी फट ०.३५ वर स्थिरावली. मग तारांची उंची. सतराव्या फ्रेटवर जाड तार २.८ मिलिमीटर, बारीक तार २.४. यापेक्षा खाली आणलं की तार फ्रेटला घासून झरझर वाजायला लागते.

या झरझरीपाशी मला मिरजेची आठवण होते. तिथले तानपुरा बनवणारे कारागीर घोडीचा माथा घासून घासून अशी जवारी काढतात की तार तिला हलकीच स्पर्श करत राहते, आणि त्या स्पर्शातून उपस्वरांचा झगमगाट उठतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये यावर लिहिलं होतं. तार छेडतो त्या जागी ज्या उपस्वराचा निस्पंद बिंदू (तार न हलणारी जागा) असेल, तो उपस्वर नियमानं ऐकू येऊ नये. तानपुऱ्यात तो येतो, कारण घोडी क्षणाक्षणाला तारेची लांबी बदलत असते. बेसवर फ्रेटला घासणारी तार भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं हेच करते. एका वाद्यात कारागीर ज्यासाठी दिवस घालवतो, तेच दुसऱ्यातून हाकलायला मी फिलर गेज घेऊन बसतो. दोन्हीकडे कान तोच लागतो आणि बोटाखालचं अंतर केसाएवढंच असतं.

शेवटचं काम सुराचं. फ्रेटच्या जागा गणितानं ठरतात. उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागलं की पुढच्या फ्रेटचं अंतर मिळतं. पहिला फ्रेट नटपासून ४८.५ मिलिमीटरवर, बारावा बरोबर निम्म्यावर, ४३१.८ वर. कागदावर हे निर्दोष आहे. पण तार दाबली की ती थोडी ताणली जाते आणि स्वर चढतो. शिवाय जाड तार ताठ असते, टोकाशी ती दोरीऐवजी सळईसारखी वागते, त्यामुळे तिची खरी कंप पावणारी लांबी मोजलेल्या लांबीपेक्षा कमी भरते. म्हणून ब्रिजवर प्रत्येक तारेखालचा सॅडल, म्हणजे तार टेकते तो मागेपुढे सरकणारा तुकडा, गणितापेक्षा जरा मागे न्यावा लागतो, जाड तारेचा सगळ्यात जास्त. १९५१च्या बेसवर दोन तारांना मिळून एकच सॅडल होता, म्हणजे तडजोड ठरलेली. प्रत्येक तारेला वेगळा सॅडल १९५७ मध्ये आला. मी ट्यूनर लावला, बाराव्या फ्रेटवर आधी नुसता स्पर्श करून निघणारा स्वर घेतला, मग दाबून घेतला. जाड तारेवर दाबलेला स्वर ६ सेंटनं (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा होता. या लांबीच्या तारेवर सॅडल १ मिलिमीटर मागे नेला की साधारण २ सेंट उतरतात. मी तो ३ मिलिमीटर मागे घेतला आणि काटा मध्यावर आला. हे सगळं नव्या तारांवरच करायचं. जुन्या तारेच्या वेढ्यांत मळ आणि घाम असमान साठतो, ती कुठे जड, कुठे हलकी होते आणि धड सुरातच येत नाही.

जुन्या तारांचा आवाज मात्र प्रेमात पाडणारा असू शकतो. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांत वाजवणारे जेम्स जेमरसन आपल्या १९६२च्या प्रिसिजनवर सपाट गुंडाळणीच्या जाड तारा लावत आणि तुटेपर्यंत बदलत नसत. मळानं वरचे उपस्वर लवकर विरतात आणि उरतो तो गोल, छातीत बसणारा ठोका. आपल्याकडेही राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवत. ती गाणी आता हेडफोनवर खालच्या पट्टीकडे कान देऊन ऐका, अर्धी चाल तिथेच आहे.

आणि फ्रेट ज्यात रोवलेत ती काळपट पट्टी. १९५९ पासूनच्या फेंडरवर ती ब्राझीलच्या शिसवाची असे. हे लाकूड १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या यादीत आहे, त्यामुळे तितका जुना बेस परदेशातून मागवायचा तर परवान्याची कागदपत्रं आधी बघावीत. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून फेंडर भारतीय शिसवाकडे वळली. आपल्या सह्याद्रीत वाढतं तेच झाड, ज्याचे पलंग आणि देव्हारे आजोबांच्या घरात असतात. त्याच्यापासून बनलेल्या तयार वाद्यांना २०१९च्या नोव्हेंबरपासून त्या परवान्यातून सूट आहे. भारतातून अमेरिकेत गेलेलं लाकूड पुन्हा वांद्र्यात पलंगाखाली येऊन पडलं होतं, या विचारानं मी त्या पट्टीवरून बराच वेळ बोट फिरवत बसलो.

ती पट्टी उघडी असते, वर लॅकर नसतं. मागचं मेपल मात्र झाकलेलं. पावसाळ्यात उघडं शिसव आधी दमट होतं, किंचित लांबतं, आणि नेक मागे झुकू लागते. प्रत्येक नेकची लाकडाची रेघ वेगळी, त्यामुळे काही उलट्या बाजूलाही जातात. मी पेटीत एक कागद ठेवलाय, त्यावर तारीख आणि आठव्या फ्रेटची फट लिहितो. २ एप्रिल, ०.३५. १० जून, ०.३०. १४ जुलै, ०.२०, पहिल्या दोन फ्रेटवर झरझर, नट अष्टमांश फेरा सैल. १५ जुलै सकाळी, ०.३५.