चिठ्ठी लागत नाही, असं कुणी ठरवलं?

‘ही ओटीसी आहे, चिठ्ठी लागत नाही.’ कोल्हापुरात दसरा चौकापासून गंगावेशीपर्यंत कुठल्याही मेडिकलमध्ये हे वाक्य कानावर पडतं. गोळी हातात पडते आणि घेणारा आपल्या परीने अर्थ लावतो, की चिठ्ठी लागत नाही म्हणजे धोका नसणार. गंमत वाटावी अशी ही गोष्ट नाही, कारण औषधांच्या कायद्यात ‘ओटीसी’ (‘ओव्हर द काउंटर’, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीविना मिळणारं) या शब्दाची व्याख्याच केलेली नाही. १९४०चा कायदा आणि १९४५चे नियम यांत यादी आहे ती चिठ्ठी लागणाऱ्या औषधांची. तिच्यात ज्याचं नाव नाही ते आपोआप मोकळं राहिलं. ते मोकळं ठेवावं असं कुणी तपासून ठरवलेलं नाही. घरोघरच्या औषधाच्या डब्यातले बरेच घोटाळे या एका फटीतून आत आले आहेत, म्हणून या टिपणात तिला जास्त जागा दिली आहे.

जुना काळ थोडक्यात. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं आणि ब्रिटिश मुलखासाठी केलेला औषध कायदा त्यानंतर इथे आला. त्या कायद्यामागची चिंता भेसळीची होती. १९३०मध्ये नेमलेल्या चौकशी समितीपुढे प्रश्न होता तो बाजारातली औषधं खरी आणि पुरेशा ताकदीची आहेत का, हा. रोग्याने औषध घरी कसं घ्यावं, हा मुद्दा तेव्हा फारसा नव्हता, कारण बहुतेकांना औषध दवाखान्यातच मिळे. जुन्या पिढीला ती बाटली आठवत असेल. आत लालसर मिक्श्चर, बाहेरून चिकटवलेली कातरीने खाचा पाडलेली कागदाची पट्टी. एक खाच म्हणजे एक डोस. आत काय आहे हे कंपाउंडरला विचारायची पद्धत नव्हती. पुढे तयार गोळ्यांच्या स्ट्रिप आल्या, खाचांची पट्टी गेली आणि न विचारण्याची सवय मागे उरली. गावाकडच्या दवाखान्यात कागदाच्या पुडीत मिळणाऱ्या पांढऱ्या-गुलाबी गोळ्या त्याच सवयीवर चालतात. डॉक्टरने स्वतःच्या पेशंटला औषध द्यायला नियमांत सूट आहे, त्यामुळे पुडी बेकायदा नाही. पण त्या गोळीने अंगावर पित्त उठलं, तर दुसऱ्या डॉक्टरला सांगायला पेशंटकडे नावच नसतं.

आता खरा गुंता. चिठ्ठीची सक्ती आहे ती शेड्यूल एच, एच-वन आणि एक्स या तीन याद्यांना. नुसत्या एचमध्ये पाचशेहून जास्त औषधं आहेत. तांबड्या रश्श्यानंतर लोक सर्रास मागतात ती पॅन्टोप्राझोल त्यात आहे. शिरोलीच्या फाउंड्रीतून रात्रपाळी करून आलेला माणूस कंबरेसाठी मागतो ती डायक्लोफेनॅकची गोळीही त्यातच आहे. या दोन्ही गोळ्या ‘ओटीसी’ आहेत असं विचारणाऱ्याला ठामपणे सांगितलं जातं, आणि सांगणाऱ्यालाही ते खरं वाटत असतं.

शेड्यूल जी त्याहून विचित्र आहे. त्यातल्या औषधांवर, वैद्यकीय देखरेखीशिवाय हे घेणं धोक्याचं आहे, असा इशारा छापावा लागतो. ॲलर्जीवरची औषधं या यादीत आहेत, सगळ्या प्रकारचं इन्सुलिनही आहे. पण तेवढ्यावरून चिठ्ठीची सक्ती येत नाही. म्हणजे वेष्टन सांगतं देखरेख हवी, आणि ही यादी दुकानदाराला चिठ्ठी मागायला लावत नाही. शहाण्या माणसाने यातून काय समजावं?

शेड्यूल के सवलतींची यादी आहे. एक हजारापर्यंत लोकवस्तीच्या गावात काही घरगुती औषधं परवाना नसलेल्या दुकानातही विकता येतात, उदाहरणार्थ ॲस्पिरिन, पॅरासिटामॉल, बाम, ग्राइप वॉटर, खोकल्याच्या गोळ्या. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीच्या वाड्यावस्त्यांचा विचार केला तर सवलत रास्तच म्हणावी लागेल. रात्री मूल तापलं, तर एसटी सकाळशिवाय नाही. पण तिला अटी आहेत. माल परवानाधारकाकडून घेतलेला हवा आणि मूळ पॅकिंग न फोडता विकायला हवा. किराणा दुकानात बरणीशेजारी टांगलेली, चार-चार गोळ्या कापून दिलेली स्ट्रिप त्यात बसत नाही. शिवाय हजार वस्तीच्या गावासाठी दिलेली ही सवलत शहरातल्या पानटपरीपर्यंत कधी पोचली, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

२०१० ते २०१४ ही वर्षं माझ्या मते या सगळ्या इतिहासाचा कणा आहेत. मी तेव्हा मेडिकलच्या काउंटरच्या आतल्या बाजूला होतो, त्यामुळे माझं वजन या काळाकडे झुकतं हे आधीच सांगतो. २०१०मध्ये बहुतेक अँटिबायोटिक्सना दाद न देणाऱ्या जंतूंच्या एका एन्झाइमला दिल्लीचं नाव दिलं गेलं आणि देशभर वाद पेटला. त्यातून अँटिबायोटिक्सच्या खुल्या विक्रीला आवर घालायचं ठरलं. सुरुवातीला विचारात असलेली यादी बरीच लांब होती. ३० ऑगस्ट २०१३ रोजी अधिसूचना निघाली आणि १ मार्च २०१४पासून एच-वन लागू झालं, तेव्हा त्यात ४६ औषधं उरली होती: वरच्या दर्जाची अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं आणि सवय लावणारी काही. विकताना डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायची, रजिस्टर तीन वर्षं जपायचं.

यादी का आटली? जिथे डॉक्टर पोचत नाही तिथे साधी अँटिबायोटिक्स मिळेनाशी होतील, हा युक्तिवाद होता. तो खोटा नव्हता. पण गावाच्या नावाने मिळवलेली ढिलाई वापरली गेली ती शहरात, जिथे एका गल्लीत तीन दवाखाने आहेत. आणि त्याहून मोठं नुकसान शब्दाने केलं. ॲमॉक्सिसिलिन एच-वनमध्ये गेलं नाही, ते साध्या एचमध्येच राहिलं. कायद्याने त्याला चिठ्ठी आधीही लागत होती, नंतरही लागते. काउंटरवर मात्र नवा अर्थ रुजला, की एच-वनला चिठ्ठी हवी, बाकी चालतं. कडक वर्ग निर्माण केल्याने आधीचा वर्ग आपोआप सैल झाला. ज्यांनी यादी केली त्यांच्या मनात हे नसणार, पण झालं ते असं.

त्याच सुमारास राज्याच्या औषध खात्याने दुकानांची तपासणी जोरात सुरू केली. फार्मासिस्ट जागेवर आहे का, चिठ्ठीविना काय विकलं, बिलं फाडली का. परवान्यावर नाव एकाचं आणि काउंटरवर दुसराच, हा प्रकार किती पसरलाय ते तेव्हा उघड झालं. २०१२-१३मध्ये विक्रेत्यांनी बंद पुकारले. त्यांची बाजूही सांगायला हवी. छोट्या गावात पूर्ण वेळ फार्मासिस्ट परवडत नाही आणि पेशंट पहाटे दार वाजवतो, हे खरंच होतं. तरीही माझं मत तपासणीच्या बाजूने आहे. औषध कोण देतंय, या प्रश्नाला ‘फार्मासिस्ट’ याशिवाय दुसरं उत्तर असू शकत नाही.

कोल्हापूरला या काळात आणखी एक पदर होता. २००१च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८३९ मुली होत्या. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी २००९मध्ये इथे सोनोग्राफी मशीनवर नजर ठेवणारी उपकरणं बसली. पुढे राज्यभर गर्भपाताच्या गोळ्यांच्या विक्रीवर कारवाया झाल्या. हेतू योग्य होता, पण अनेक दुकानांनी कटकट नको म्हणून त्या गोळ्या ठेवणंच सोडलं. मग रीतसर चिठ्ठी घेऊन आलेली बाई चार दुकानं फिरायची, आणि चिठ्ठी नसलेली बाई ओळखीतून जादा पैसे मोजून गोळी मिळवायची, कशी घ्यायची ते न कळताच. रक्तस्राव थांबेना म्हणून दवाखाना गाठणाऱ्यांत या दुसऱ्या जास्त असत.

चिठ्ठी कुणाची चालते हाही न मिटलेला वाद आहे. राज्याने १९९२च्या आदेशाने आयुर्वेदाच्या पदवीधरांना आणि २०१४च्या कायदाबदलाने, एका अभ्यासक्रमाची अट घालून, होमिओपॅथीच्या डॉक्टरांना आधुनिक औषधं लिहिण्याची वाट दिली. दोन्हींवर कोर्टकचेऱ्या आणि आंदोलनं झाली. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

नंतर पूर आले आणि साथ आली. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१मध्ये पाणी ५५ फुटांवर गेलं. पूर ओसरल्यावर लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, भीती असते, म्हणून चिखलात उतरणाऱ्यांना डॉक्सिसायक्लिन देतात. औषध योग्यच आहे, पण ते भरपूर पाण्याबरोबर आणि बसूनच घ्यायचं असतं, नाहीतर अन्ननलिकेला चटका बसतो. ॲसिडिटीच्या गोळीबरोबर घेतलं तर ते नीट शोषलं जात नाही. गरोदर बाईला ते देत नाहीत. उरलेल्या गोळ्या घरात राहिल्या. कोविडमध्ये त्यांना ॲझिथ्रोमायसिन, आयव्हरमेक्टिन आणि स्टिरॉइडच्या गोळ्यांची सोबत मिळाली, कारण व्हॉट्सॲपवर एकच यादी सगळ्या गल्लीत फिरत होती. मार्च २०२०मध्ये औषधं घरपोच द्यायला तात्पुरती मुभा मिळाली, आणि मोबाइलमधला चिठ्ठीचा फोटो हीच चिठ्ठी झाली. तो फोटो किती वेळा आणि कुणासाठी वापरला, हे दुकानाला कळायला मार्ग नाही.

चिठ्ठीविना विकायच्या औषधांची ठरवून केलेली यादी पहिल्यांदा समोर आली ती मे २०२२मध्ये, मसुदा म्हणून. त्यात १६ औषधं होती. पोव्हिडोन आयोडीन, क्लोट्रिमॅझोलची क्रीम, नाक मोकळं करणारे थेंब, डायक्लोफेनॅकचं मलम, पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम वगैरे. अट अशी, की पाच दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि तेवढ्यात बरं वाटलं नाही तर डॉक्टर. विक्रेत्यांना भीती वाटली की उद्या हे किराणा दुकानात जाईल. काही डॉक्टरांना वाटलं की लोक पाच दिवस दुखणं अंगावर काढतील. दोन्ही भीतींत तथ्य आहे. तरी मला हा मसुदा महत्त्वाचा वाटतो, कारण इथे औषध ‘उरलेलं’ म्हणून मोकळं नव्हतं, मात्रा आणि दिवस ठरवून मोकळं होतं.

पॅरासिटामॉलचंच बघा. मसुद्यात ५००ची गोळी आहे. कोविडनंतर लोक मागतात ती ६५०. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ५००च्या आठ गोळ्या किंवा ६५०च्या सहा. लिव्हरचा त्रास असलेल्याला, रोज दारू घेणाऱ्याला, वजन फार कमी असलेल्याला याहून कमी. ‘तापाची’ ६५० चार वेळा आणि ‘सर्दीची’ गोळी तीन वेळा घेणारी आजी मर्यादेच्या अगदी जवळ जाते, कारण सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच. नाव वेगळं, रंग वेगळा, आतलं औषध तेच. डेंग्यूच्या दिवसांत उलटा धोका असतो. अंग मोडून आल्यावर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेतली, तर रक्तस्राव वाढू शकतो. तिथे पॅरासिटामॉलच बरी.

अनेक औषधं एकत्र केलेल्या गोळ्यांनी मोकळ्या विक्रीचा पाया किती कच्चा आहे ते दाखवलं. मार्च २०१६मध्ये अशा ३४४ मिश्रणांवर बंदी आली, डिसेंबरमध्ये कोर्टाने ती रद्द केली, २०१८मध्ये फेरतपासणीनंतर ३२८ मिश्रणं पुन्हा बंद झाली. ऑगस्ट २०२४मध्ये आणखी १५६. त्यातल्या कितीतरी गोळ्या आम्ही वर्षानुवर्षं हसत-बोलत विकल्या होत्या. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायची नाही असं २०११मध्ये ठरलं. त्याआधी त्याचं सिरप तापाला सर्रास दिलं जात होतं.

सिरपची गोष्ट सर्वांत जिव्हारी लागणारी. १९८६मध्ये मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात विषारी डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले. त्याच विषाने २०२२मध्ये गांबियात आणि २०२५मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात मुलांचा जीव घेतला. डिसेंबर २०२३मध्ये सर्दीच्या एका मिश्रणावर चार वर्षांखालच्या मुलांसाठी मनाईचा इशारा छापायला सांगितलं गेलं. ऑक्टोबर २०२५च्या सूचनेनुसार दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं द्यायची नाहीत, आणि पाचपर्यंत सहसा नाहीच. त्यानंतर शेड्यूल केच्या सवलतीतून सिरप वगळण्याचा प्रस्तावही आला.

शेवटी कापलेल्या स्ट्रिपबद्दल, कारण हे रोजचं आहे. बहुतेक स्ट्रिपवर एक्सपायरी एका टोकाला छापलेली असते. दोन गोळ्या मागणाऱ्याला ते टोक मिळत नाही, कधीकधी नावही अर्धं मिळतं. वर्षभराने डब्यात ‘मायसि’ एवढंच वाचता येणारा चंदेरी तुकडा सापडतो आणि कुणीतरी तो घेतं. आमच्याकडे तारखेचं टोक शेवटपर्यंत न कापण्याची आणि पाकिटावर नाव, तारीख, कशासाठी हे पेनाने लिहून देण्याची पद्धत पाडली होती. गिऱ्हाईक आधी कुरकुरायचं, ‘दे की लवकर, गाडी चुकंल.’ वर्षभरात कागल-गारगोटीकडून येणारी माणसं तेच पाकीट परत घेऊन यायला लागली. त्यावर आमच्याच अक्षरात लिहिलेलं असायचं, आणि ते दाखवून विचारायची, ‘तारीख गेली का नाही बघा जरा, घरात दोन उरल्यात.’