चिनी वैद्य नुसती नाडी बघून सगळे आजार ओळखतो? जरा थांबा

फॉरवर्ड असं फिरतं की चिनी वैद्य मनगटावर तीन बोटं ठेवतो आणि एक शब्द न विचारता शरीरातला प्रत्येक रोग सांगतो, रिपोर्टची गरजच नाही.

तीन बोटं खरी आहेत, दोन्ही मनगटांवर तीन-तीन जागा बघतात. पण त्यांच्याच परंपरेत तपासणी चार प्रकारची असते, आधी बघणं म्हणजे चेहरा, जिभेचा रंग, तिच्यावरचा थर, मग आवाज-श्वास ऐकणं आणि वास घेणं, मग विचारणं आणि नाडी सगळ्यात शेवटी. विचारणं तर भरपूर असतं, झोप कशी, घाम येतो का, तहान, पोट साफ होतं का, पाळी कशी. होलिस्टिक, म्हणजे माणसाचा सगळा मिळून विचार, म्हणतात ते हेच, त्यामुळे काहीच न विचारता सांगणारा उलट स्वतःचीच पद्धत अर्धी सोडतोय.

दुसरं म्हणजे, चिनी वैद्य 'किडनी कमजोर' म्हणाले तर त्यांच्या 'किडनी'त झोप, कंबर, केस, भीती सगळं येतं, त्याचा अर्थ क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलंय असा नाही. बरेच लोक इथेच उगाच घाबरतात.

चेक करणं सोपंय. जिना चढून लगेच नाडी बघा, दहा मिनिटं बसून परत बघा, आजार नसतानाही नाडी किती बदलते ते कळेल. एकाच दिवशी दोन वैद्यांकडे काही न बोलता हात पुढे करा आणि उत्तरं जुळतात का बघा. शुगरचं म्हणाल तर उपाशीपोटी १२६ mg/dL (मधुमेहाची मर्यादा) किंवा जास्त आहे का हे रक्तातच कळतं, बोटांना नाही. चीनमधल्या पारंपरिक औषधांच्या हॉस्पिटलातही लॅब आणि एक्स-रे असतातच की.