खोटी सुई, खरा उतार

कवटी मानेला जिथे मिळते, तिथे मागे दोन्ही बाजूंना बोट रुतेल असे दोन खळगे असतात. अर्धशिशी उठली की हात आपसूक तिथेच जातो. चिनी वैद्य या जागेला ‘फंगची’ म्हणतात आणि डोकेदुखीवर तिथे सुई टोचतात; हाच अ‍ॅक्युपंक्चरचा उपचार. ही सुई भरीव असते, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची. जागाही उगाच निवडलेली नाही. मानेच्या वरच्या मज्जातंतूंचे आणि कपाळाच्या मज्जातंतूचे वेदनेचे निरोप मेंदूच्या तळाशी एकत्र येतात, म्हणून मान अवघडली की कपाळही ठणकतं.

मग सुई नेमकी तिथेच टोचायला हवी का? जर्मनीत अर्धशिशीच्या ३०२ रुग्णांवर हेच तपासलं गेलं आणि २००५ मध्ये निष्कर्ष आले. एका गटाला रीतसर सुया टोचल्या, दुसऱ्याला भलत्याच जागी वरवर, तिसऱ्याला नुसतं थांबायला सांगितलं. डोकेदुखीचे दिवस निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले ते पहिल्या गटात ५१ टक्क्यांचे, दुसऱ्यात ५३ आणि तिसऱ्यात फक्त १५ टक्क्यांचे! पुढे २०१६ मध्ये बऱ्याच चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा खऱ्या सुया थोड्या सरस ठरल्या: ५० विरुद्ध ४१ टक्के.

यावरून ‘सगळे मनाचे खेळ’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. उतार पडतो हे विश्वासामुळे खोटं ठरत नाही. दाढ काढलेल्या रुग्णांवरच्या १९७८ च्या प्रयोगात, शरीरातल्या अफूसदृश रसायनांना अडवणारं औषध दिल्यावर नुसत्या विश्वासाने मिळालेला आराम ओसरला होता. सुईचं टोचणं, अर्धा तास शांत पडून राहणं, कुणीतरी आस्थेने विचारपूस करणं, या सगळ्याचा त्यात वाटा असणार. चिनी वैद्य मानतात त्या ‘ची’ नावाच्या ऊर्जेच्या वाहिन्या मात्र शरीरात कुणालाही सापडलेल्या नाहीत.

ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शिकेने २०१२ मध्ये, नेहमीच्या प्रतिबंधक गोळ्या लागू पडत नसतील तर पाच ते आठ आठवड्यांत अ‍ॅक्युपंक्चरच्या दहापर्यंत बैठकांचा विचार करावा, असं सुचवलं. पण डोकं अचानक, कधी नव्हे इतकं दुखलं, तर सुईवाल्याकडे नाही, थेट रुग्णालयात जा.

सुईची जोडीदार म्हणजे मोक्साची धग. जोतिबाला वाहतात त्या दवण्याच्याच कुळातल्या एका वनस्पतीची वाळलेली पानं कुटून कापसासारखी करतात, त्याची कांडी पेटवून त्वचेपासून दोनतीन सेंटिमीटरवर धरतात. डोकेदुखीवर तिचा पुरावा तोकडा आहे. कातडी भाजू शकते, शिवाय खोलीभर उग्र धूर होतो. उग्र वासाने ज्यांची अर्धशिशी उठते, त्यांनी ही कांडी पेटूच देऊ नये.